चौथा पाय

रविवार, ३० मार्च १९९७
भिंगार

गाडी आली एकदाची. पुण्याच्या लिलावातून सुटल्यापासून वाटेत दोनदा तापली, सुप्याला तासभर झाडाखाली उभी करावी लागली, पण दिवेलागणीच्या आत दारात लागली. गल्लीतल्या पोरांनी लगेच तिचं नाव 'पाळणा' ठेवलं, आणि ते काही खोटं नाही. जुना ट्रक, पाठीवर दुमडणारा लोखंडी हात, हाताच्या टोकाला माणूस उभा राहील एवढी पेटी. दांडा ओढला की पेटी पस्तीस फूट वर जाते. वरच्या वजनाने ट्रक कलंडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय आहेत. ते जमिनीवर टेकवायचे, ट्रक चाकांवरून उचलून धरायचा, मगच माणूस वर पाठवायचा.

वीस वर्षं मी लोकांच्या झाडांच्या धोक्याच्या फांद्या उतरवतोय. आजवर दोर, कोयता, करवत आणि चढणारा माणूस एवढंच भांडवल होतं. यापुढे माझा माणूस झाडावर चढणार नाही. विजयमालाने गाडीभोवती एक फेरी मारली, पेटीला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "हे तीन वर्षांपूर्वी घ्यायला हवं होतं." बायको खरं बोलते तेव्हा फार हळू बोलते.

तीन वर्षांपूर्वी बिभीषण चिंचेवरून पडला. शेवगावकडचा माणूस, ऊसतोडीला जायचं सोडून माझ्याबरोबर झाडं चढायला लागलेला, पुढे माझा भागीदार झालेला. फांदी मोडली आणि दोरही तुटला. कमरेखाली सगळं गेलं, तेव्हापासून गावी खाटेवर आहे. दोर जुना होता. तो मी महिनाभर आधीच बदलायला हवा होता, हे मी कुणापुढेही कबूल करतो. १९९४ ची वही ट्रंकेच्या तळाशी आहे. ती मी परत उघडली नाही. दोर जुना होता एवढं पाठ असताना उघडायची तरी कशाला?

गुरुवार, १७ एप्रिल

कानिफनाथ पेटीत उभं राहायला शिकला. हा बिभीषणचा धाकटा भाऊ. पस्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. भाऊ पडल्यावरही माझ्याकडेच राहिला, का ते मला आजवर कळलेलं नाही. पेटीत शिरताना चपला काढतो. म्हटलं, अरे, झाड नव्हे ते, लोखंड आहे, तळपाय भाजतील. हसला नाही. चपला मात्र काढल्याच.

माझे नियम मी गाडीच्या दारावर पांढऱ्या रंगाने लिहून घेतलेत. कमरेचा पट्टा पेटीच्या कडीलाच अडकवायचा, झाडाला कधीच नाही. प्रत्येक पायाखाली रेल्वेचा जुना लाकडी स्लीपर. पाय टेकायच्या आधी पहार मारून जमीन वाजवून घ्यायची. मुळांवर चाक नाही. लेव्हलच्या बाटलीतला बुडबुडा मध्यावर आला नाही, म्हणजे गाडी समतल नसली, तर काम नाही. कानिफला वाचता येतं, तरी मी रोज त्याच्याकडून म्हणून घेतो. शाळामास्तर झालोय अगदी.

तो पंधरवड्याला गावी जातो आणि येताना एकच निरोप आणतो, "दादा इचारत हुता, मिस्तरी कवा येनार." पहिल्या वर्षी दोनदा गेलो. नंतर पाय निघेना. तो का विचारतो ते मला ठाऊक आहे. समोर बसवून जाब विचारायचा असणार. मी असतो तर मीही विचारला असता.

शुक्रवार, ९ मे

घोडेगावच्या अलीकडच्या एका गावातून शुभांगी नावाच्या बाई आल्या. वस्तीतली बालवाडी चालवतात आणि विहार समितीच्या चिटणीसही आहेत. वय असेल अठ्ठावीस, पण बोलणं तोलूनमापून.

"जय भीम, काका. परवाच्या वादळात आमच्या बोधिवृक्षाची मोठी फांदी खोडाजवळ चिरली. बरोबर बालवाडीच्या पत्र्यावर आलीय. सोळा जूनला पोरं येतील. त्याच्या आत उतरवायची. पण झाड दुखवायचं नाही."

हा पिंपळ १९५७ साली लावलेला. आदल्या वर्षी धर्मांतर झालं आणि वस्तीतल्या लोकांनी पहिलं काम काय केलं, तर हे रोप लावलं. माझ्या वडिलांनीही आमच्या गावी असंच एक लावलं होतं, ते शेळीने खाल्लं. वडील आठ दिवस त्या शेळीशी बोलले नाहीत. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. काम घेतलं.

रविवार, ११ मे

जागा पाहून आलो. सोपी नाही. पिंपळाच्या एका अंगाला विहाराची भिंत, दुसऱ्या अंगाला मुळं जमिनीवर आलेली, मनगटाएवढी जाड. त्यांच्यावर सहा टनांचा ट्रक नेला तर फांदी वाचवताना झाडच मारल्यासारखं होईल. तिसऱ्या बाजूला बालवाडी. उरते एकच जागा, पुढचं पटांगण, तेही उताराचं. ट्रक तिरका लावला तर तीन पाय चांगल्या मुरमावर येतात. चौथा, डावीकडचा मागचा, पटांगणाच्या सखल कोपऱ्यात.

तिथे गोजरबाई भेटल्या. पंच्याहत्तरीच्या तरी असतील. रोज सकाळी झाडाला तांब्याभर पाणी घालणाऱ्या. मी त्या कोपऱ्यात खूण करत होतो तेव्हा काठी टेकत आल्या.

"हितं नगं लावू बाबा. हितं पेवं हुती पाटलाची. खाली पोकळ हाय."

पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड घागरीएवढं अरुंद, आत खोली. जुन्या गावांच्या पांढरीत, म्हणजे वस्तीच्या जुन्या जमिनीत, ती असतातच, म्हणून मी शुभांगीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हे पूर्वी पाटलांचं खळं होतं, पण पेवं बहात्तरच्या दुष्काळात राख आणि मुरूम टाकून बुजवली. त्यावर पोरं रोज कबड्डी खेळतात. तरी मी कानिफला पहार मारायला लावली. सात ठिकाणी. वीतभरही जाईना, दगडासारखी वाजली. आजींना दाखवलं. त्या पहारीकडे बघेनातच, माझ्याकडेच बघत राहिल्या.

म्हातारीला झाडाला हात लावू द्यायचा नाही, म्हणून ही सबब. चाळीस वर्षं पाणी घातलंय, जीव तुटणारच. त्यांच्या जागी मी असतो तर भुताखेताची गोष्टसुद्धा रचली असती.

मंगळवार, १३ मे

समितीचं म्हणणं पडलं की वैशाख पौर्णिमा बावीसला आहे, ती होऊ द्या, मग करवत लावा. मान्य केलं. तोवर फांदीला खालून दोन बल्ल्यांचा टेकू दिला.

गोजरबाई आजही आल्या होत्या. तेच बोलल्या, त्याच शब्दांत. मी म्हटलं, आजी, माझा माणूस वर जाणार आहे, तुमच्यापेक्षा मला जास्त काळजी आहे. जरा चढ्या आवाजात बोललो. मागाहून वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही.

गुरुवार, २२ मे
वैशाख पौर्णिमा

गाडी आदल्या दिवशीच नेऊन उभी केली आणि आम्ही दोघं कार्यक्रमाला थांबलो. वंदना झाली. मग पिंपळाला पाणी घालायला सुरुवात झाली. दरवर्षी घरटी एक तांब्या घालतात, यंदा मात्र झाडाला इजा होणार म्हणून बायकांनी कळश्या आणल्या, कुणी हंडे आणले. हातपंपाला दीड तास उसंत नव्हती. एक आजोबा खोडाला हात लावून म्हणाले, "सोसून घे रं बाबा." मीही घागरभर घातलं. कानिफने दोन.

आळं भरून पाणी वाहायला लागलं आणि सरळ आमच्या चाकांकडे निघालं. मी फावडं घेतलं आणि वीस फुटांची चर काढून सगळं पाणी सखल कोपऱ्याकडे वळवलं. चाकांखालची जमीन कोरडी ठणठणीत राहिली. शुभांगीबाई म्हणाल्या, काका, तुमचं लक्ष सगळीकडे असतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

शनिवार, २४ मे
नगर, दवाखान्यात

कानिफ जिवंत आहे. गळ्याजवळचं हाड मोडलंय, डाव्या हाताला प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, पाठीचा कणा शाबूत आहे. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते चिडले.

पुढचं उद्या लिहीन.

रविवार, २५ मे

कानिफ झोपलाय. क्रमाने लिहितो, काही न लपवता.

काल सकाळी सातला गाडी खुणेवर लावली. चौथ्या पायाची जागा वरून वाळून पांढरी पडली होती, पायाने दाबली तर कडक. स्लीपर ठेवताना कानिफ म्हणाला, "मिस्तरी, पहार परत मारू का?" मी म्हटलं, त्या दिवशी सात ठिकाणी मारली ना, ऊन चढायच्या आत काम उरकू. हे मी म्हटलं. माझाच नियम, माझ्याच गाडीच्या दारावर लिहिलेला, आणि तो माझ्या समोर उभा राहून विचारत होता.

पाय टेकवले, बाटलीतला बुडबुडा मध्यावर. कानिफने चपला काढल्या, पट्टा पेटीच्या कडीला अडकवला आणि वर गेला. मी ट्रकवर खालच्या दांड्याशी, नजर वर. गोजरबाई आल्या. कोपऱ्यात, आम्ही बांधलेल्या दोरीच्या आत, पोतं टाकून चौथ्या पायासमोर बसल्या. मी म्हटलं, आजी, बाहेर बसा. त्या म्हणाल्या, "तू वर बग. मी हितनं बगते." वाद घालायला वेळ नव्हता.

दोन तुकडे नीट उतरले. तिसऱ्याला करवत लागली होती. तेवढ्यात आजींनी काठीने ट्रकच्या पत्र्यावर तीनदा वाजवलं. ओरडल्या नाहीत.

"लाकूड बसलं रं. ह्या अंगानं बसलं."

वाकून बघितलं. स्लीपरची एक कड दोन बोटं खाली गेली होती आणि तिच्या बाजूने ओली राख वर येत होती. बुडबुडा कडेला. वर ओरडलो, करवत सोड, खाली बस. अशा वेळी गाडीचा हात फिरवायचा नसतो, घाई करायची नसते. आधी हात दुमडून वजन ट्रकजवळ आणायचं, मग इंचाइंचाने उतरवायचं. हे मला येतं. दांडा हळू ओढत राहिलो आणि आजी मला खालून सांगत राहिल्या, "आजून येक बोट. आजून येक." त्या हलल्या नाहीत. मी सांगितलं तरी हलल्या नाहीत.

पेटी जमिनीपासून सात-आठ फुटांवर आली आणि स्लीपर उभाच्या उभा आत गेला. पलीकडचे दोन पाय हवेत गेले, ट्रक त्या कोपऱ्यावर झुकला, पेटी बालवाडीच्या ओट्यावर आदळली. पट्टा होता म्हणून कानिफ पेटीतच राहिला. वर असता तर मी ही वही लिहीत बसलो नसतो.

आजींच्या पायांपासून दोन हातांवर जमीन उघडी पडली होती. आत काळोख, आणि खाली पाणी चमकत होतं. मी चर काढून वळवलेलं पाणी.

बुधवार, २८ मे

क्रेन आणून गाडी काढली. वाकलेला पाय सोडला तर फारसं मोडलेलं नाही. पेवाच्या तोंडावर समितीने काटे टाकून ठेवलेत. शुभांगीबाई म्हणाल्या, काका, पेवं बुजवलीत हे मीच सांगितलं तुम्हाला. त्या रडत होत्या. मी म्हटलं, तुम्ही ऐकलेलं सांगितलंत. आजींनी बघितलेलं सांगितलं.

नंतर गोजरबाईंच्या दारात जाऊन बसलो. माफी मागितली. त्यांनी चहा ठेवला आणि स्वतःहून बोलल्या. बोलताना चुलीकडे बघत होत्या.

"तोंड बारकं आसायचं पेवाचं. मोठं मानूस जात न्हाई. मग आमच्या वस्तीतली पोरं उतरवायचे. आत हवा कोंडलेली आसती, म्हनून आदी दिवा सोडायचा दोरीनं. दिवा जळला तर पोर सोडायचं, आसं हुतं. माजा भाव नऊ वर्साचा, मी सात. मी तोंडाशी हुते. दिवा विजला. मी म्हनले, विजला. बाजार गाठायचा हुता पाटलाच्या मानसांना. म्हनले, वात बारीक आसंल. आन् भावाला सोडला. त्यो जित्ता वर आला न्हाई."

चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाल्या, "त्येच पेव हाय. आमचं झाड त्याच्या कडंला लावलं ना, तवा म्या जागा सांगितली हुती. तितं उबं ऱ्हावं कायतरी, म्हनून." चहा गार झाला होता. तरी प्यायलो.

गुरुवार, २९ मे

आज मागची पानं वाचली. ११ मेला आजींचं बोलणं माझ्याच अक्षरात आहे, शब्दन् शब्द. 'खाली पोकळ हाय.' त्याच्याखाली मीच लिहिलंय की ही सबब आहे. म्हणजे मला ऐकू आलं होतं. इतकं नीट ऐकू आलं होतं की घरी येऊन लिहून ठेवलं, आणि तरी मी ऐकलं नाही.

मग मी ट्रंक उघडली.

९ जून १९९४ चं पान मी चिंचेवरून पडलेल्या बिभीषणच्या उशाशी बसून, दवाखान्यात लिहिलेलं आहे. चार ओळी. इथे उतरवून घेतो:

'भिंगारची चिंच. बिभीषण म्हणाला, फांदी बद्द वाजते, पोकळ असंल, शिडी मागवू. मी म्हटलं, चढ, अर्ध्या तासाचं काम आहे. चारला पडला.'

दोराचा शब्दसुद्धा नाही. दोराची सबब मी नंतर मनाशी रचली.

शनिवार, ३१ मे

कानिफला घरी सोडलं. त्याला विचारलं, तू माझ्याकडे का राहिलास? तो म्हणाला, "दादा म्हनला, मिस्तरीला येकट्याला सोडू नगं. त्यो मनाला लावून घेतो."

मी म्हटलं, उद्या तुझ्याबरोबर गावी येतो.

रविवार, १ जून

सकाळच्या एस.टी.ने शेवगाव, तिथून टेम्पोने गाव. ९४ ची वही पिशवीत. रंगुबाईंनी, बिभीषणच्या बायकोने, दारात पाय धुवायला पाणी दिलं. "लई दिस लावलं भावजी," एवढंच म्हणाल्या.

बिभीषण खाटेवर उशीला टेकून बसला होता. हात तसेच आहेत, झाडाचे. चेहरा मात्र बारीक झालाय. मला बघून हसला. सगळं मनात घोकून गेलो होतो, एकही शब्द आठवेना. म्हणून वही काढली आणि ते पान वाचलं. चारच ओळी, पण तिसऱ्या ओळीला थांबलो. परत सुरुवातीपासून वाचलं.

बाहेर रंगुबाई शेळीला हाकलत होत्या. मग त्याने विचारलं, "हे त्याच दिशी लिवलंस?"

"त्याच दिवशी."

"म्हंजी तुला ऐकू आलं हुतं."

मी मान डोलावली.

"मला वाटायचं, वारं लई हुतं त्या दिशी, तुला वर बोललेलं ऐकू गेलं नसंल. तीन वर्सं मी तेवढंच धरून हुतो, भीमा. सगळ्यांना त्येच सांगितलं. रंगूलाबी. म्हनून म्हनायचो ये, तुला इचारू, वारंच हुतं ना?"

मला वाटत होतं, तो जाब विचारायला बोलावतोय. तो मला सोडवायला बोलावत होता, आणि ते मी आज माझ्या हाताने मोडून ठेवलं. रडलो मी. त्याच्यासमोर, कानिफसमोर, दारात येऊन उभ्या राहिलेल्या रंगुबाईंसमोर. तो रडला नाही. खिडकीतून बाहेर बाभळीकडे बघत राहिला.

रंगुबाईंनी जेवायला वाढलं. भाकरी, शेंगांची चटणी, कांदा. बिभीषणने आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली, पूर्वी झाडाखाली बसून जेवायचो तेव्हा ठेवायचा तशी. पण माझ्याकडे बघितलं नाही.

टेम्पोची वेळ झाली तेव्हा उठलो. म्हटलं, पुन्हा येऊ का? तो म्हणाला, "ये." मग थोड्या वेळाने, "वही ठिवून जा."

वही त्याच्या उशाशी ठेवली आणि निघालो.

मंगळवार, १० जून

वाकलेला पाय सरळ करून आला. पेव रिकामं करून खालपासून दगड-मुरमाने ठासून भरलं. तोंडावर आजींच्या सांगण्यावरून एक फरशी बसवली. आज उरलेली फांदी उतरवली. पेटीत मी स्वतः गेलो, दांड्यावर कानिफ, एका हाताने. चौथा पाय यावेळी पेवापासून दहा हात लांब, ट्रक मुळांच्या आणि पेवाच्या मधल्या पट्टीत घालायला सकाळ गेली. पाय टेकवण्याआधी कानिफने काही विचारलं नाही. मीच पहार त्याच्या उजव्या हातात दिली.

गाडीच्या दारावर नियमांच्या वर आणखी एक ओळ लिहून घेतली. 'आधी तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारणे. सांगेल तसे करणे.' पेंटरने विचारलं, हे यंत्राच्या नियमात कसं बसतं? मी म्हटलं, सगळ्यात वर लिही.

फांदी खाली आल्यावर गोजरबाईंनी झाडाला तांब्याभर पाणी घातलं आणि उरलेलं फरशीवर ओतलं.